आधी नाव, मग भांडण

४ सप्टेंबर

मामा, सलाम!

शिट्टी फुंकून फुंकून तुझे कान गेलेत, म्हणून फोनवर ओरडण्यापेक्षा लिहिलेलं बरं. खरं कारण मात्र वेगळं आहे. मला तुझ्याकडून शाबासकी हवी आहे, आणि ती लेखी हवी आहे.

आमच्या चर्चच्या सभागृहावर दोन खोल्या आहेत, आठवतात? मोडक्या खुर्च्या आणि उंदरांनी खाल्लेला ऑर्गन ठेवलेल्या. मंडळीने ठरवलं, की तुरुंगातून सुटलेल्या आणि कुठेच थारा नसलेल्या माणसांना त्या खोल्या काही महिने द्यायच्या. काम मिळेपर्यंत. पहिला माणूस ऑक्टोबरच्या मध्यावर सुटतोय. पाळकांनी मोठ्या कौतुकाने ही बातमी गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकली. तेव्हापासून त्या चव्हाट्यावर दुसरा विषय नाही.

आणि मामा, तुझ्या भाचीने मैदान गाजवलं! तिथे सगळे टोपणनावाने लिहितात. मीही 'कुलूपवाली' म्हणूनच लिहिते, पण बाबांच्या पश्चात बाजारात किल्ल्या घासत बसणारी बाई मी एकटीच, तेव्हा मला ओळखत नाही असा कोण आहे? पहिल्याच ओळीत लिहिलं, मी ख्रिस्ती आहे आणि म्हणूनच या खोल्यांच्या बाजूची आहे. जो स्वतः दोन चोरांच्या मधोमध मेला, त्याच्या घरात चोराला जागा नसेल तर मग कोणाला आहे? मग 'जागता पहारा' नावाचा एक इसम म्हणतो, "कुलूपवालीचं काय जातंय? चोर वाढले की धंदा वाढतो." मी म्हटलं, "तुम्ही निर्धास्त झोपा. तुमच्याकडे चोरण्यासारखं काही असतं तर ते बोलण्यात दिसलं असतं." लोकांनी धडाधड अंगठे दिले. मधेच 'तिसरा मजला' नावाची कोणी बाई विचारत होती, "रात्री खालचं दार कोण बंद करतं?" तिने तीनदा तेच विचारलं. इथे तत्त्वाची लढाई चाललीय आणि हिला दाराची पडलीय! तिला कोण भाव देतो. सगळं छापून सोबत जोडलंय, सावकाश वाच.

गंमत सोडून एक गोष्ट. या गोंधळाने आमचे काही ज्येष्ठ बिचकले आणि त्यांनी फेरविचार मागितला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर पुन्हा मतदान आहे. तिथे हरलो तर त्या माणसाने तुरुंगाच्या फाटकातून निघून जायचं कुठे? म्हणून मी हरणार नाही.

शाबासकीच्या प्रतीक्षेत,
तुझी ठिणगी


१० सप्टेंबर

ठिणगे,

तुझे कागद दोनदा वाचले. एकदा चष्मा लावून आणि एकदा हसू आवरून. दोन चोरांचं जे लिहिलंस ना, ते वाचून मी खुर्चीतून उठलो. गोल! त्याची शाबासकी ही घे, लेखी.

आता पिवळं कार्ड. "चोरण्यासारखं असतं तर बोलण्यात दिसलं असतं." चेंडू राहिला बाजूला, तू सरळ त्याच्या नडगीवर लाथ घातलीस. मी इतकी वर्षं मैदानावर पंच म्हणून धावलो, मला शिकवू नकोस. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून फाउलचा गोल होत नाही.

तुझी आजी, म्हणजे माझी आई, तिची रीत विसरलीस का? ज्याच्याशी भांडायचंय त्याचं नाव आधी देवापुढे घ्यायचं, मग पदर खोचायचा. नुसतं नाव नाही, गल्लीसकट. एका नावाची माणसं फार असतात, देवाचा घोटाळा नको, असं ती म्हणायची. भांडायला तिची मनाई नव्हती. ती कोणाला ऐकणारी होती? दूधवाल्यापासून पाळकापर्यंत सगळ्यांशी तिची भांडणं झाली. पण प्रार्थना करून उठलेली माझी आई वेगळी भांडायची. आवाज तोच, पण समोरच्याला घरी जाताना अपमान झाल्यासारखं वाटायचं नाही. माझं नाव ती रोज घ्यायची, त्यावरून आमच्या घरात काय चालायचं ते समज.

तू कोणाचं नाव घेतलंस? 'जागता पहारा' हे काय नाव झालं? देव त्याला ओळखतो, पण तू कुठे ओळखतेस?

खोल्यांबद्दल माझं मत तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही. माझं उत्तम चाललंय. मागच्या दाराला एक भक्कम कुलूप हवंय, सवडीने पाठव.

तुझा शिट्टीमामा


१९ सप्टेंबर

मामा,

तुझ्या आईची रीत आणि तुझा सल्ला, दोन्हींना दंडवत! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुझं पत्र वाचून मला खरंच लाज वाटली. म्हणून मी ग्रुपवर विरोधात लिहिणाऱ्या प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला. काय लिहिलं ते जसंच्या तसं देते: "आपलं खरं नाव आणि आपण कोणत्या गल्लीत राहता ते कृपया कळवावं. मी रोज न चुकता आपली आठवण ठेवणार आहे. कुलूपवाली."

हसू नकोस. आता तू हसतोयस हे मला इथून दिसतंय. पाठवताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्या घरात वाढलेल्या कोणाला दिसलं असतं? पण तासाभरात तो निरोप सगळ्या गावात फिरला. 'कुलूपवाली घरं हेरतेय.' 'चोरांची बाजू घेता घेता टोळीच काढली वाटतं.' 'माझ्या घराची किल्ली हिनेच केलीय, आता काय करू?' मी घाईघाईने खुलासा केला, की अहो, प्रार्थनेसाठी नावं हवी होती! तेव्हा तर आगीत तेलच पडलं. 'आमच्यासाठी प्रार्थना करणारी ही कोण? आम्ही काय पापी आणि ही पुण्यवान?' 'जागता पहारा'ने लिहिलं, "आधी धमकी, मग आशीर्वाद. दोन्ही तुमच्याकडेच ठेवा." त्यावर मला ग्रुपमधून काढून टाकलं.

मामा, मला रडू आलं. ग्रुपचं नाही रे. काल एक आजीबाई दुकानात आल्या. बाबांच्या वेळेपासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी किल्ली करायला दिली आणि मशीन थांबेपर्यंत माझ्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. मी एक जास्तीची काढून ठेवते की काय, म्हणून. बाबांनी या गावाच्या किल्ल्या आयुष्यभर हाताळल्या, पण त्यांच्या हाताकडे असं कोणी बघितलं नाही. आता निम्मा बाजार बसथांब्याजवळच्या दुसऱ्या दुकानात कुलपं बदलायला जातोय.

पाळक म्हणतात, मतदानापर्यंत गप्प राहा. माझी औषधाच्या दुकानातली मैत्रीण म्हणते, गप्प कशाला? नवीन नाव घे आणि पुन्हा आत शिर. तिने फोनवर सगळं तयार करून दिलंय. नाव ठेवलंय 'शांत नागरिक'. फक्त बटण दाबायचंय. माझे मुद्दे अजून बरोबरच आहेत, मग ते कोणाच्या नावाने मांडले याने काय फरक पडतो? माझं जवळजवळ ठरलंय.

कुलूप पाठवलंय. तुझ्या मागच्या दाराला अचानक काय झालं?

ठिणगी


२३ सप्टेंबर

अगं शहाणे,

आधी लाल कार्ड मलाच. सल्ला अर्धवट दिला. आणि हो, हसलो. शेजारचे बघायला आले इतका हसलो. मग त्या आजीबाईंचं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

'शांत नागरिक' नको. तू आणि शांत? पहिला शब्दच खोटा! अगं, मुखवटा घालून खरं बोललीस तरी लोक मुखवटाच लक्षात ठेवतात, आणि उद्या तो गळून पडला की तुझ्यासोबत त्या खोल्याही जातील. शिवाय मैदानातून बाहेर काढलेला खेळाडू दुसऱ्याचा शर्ट घालून परत येतो तेव्हा पंच काय करतो, हे मी तुला सांगायला नको.

आता दाराचं. लपवून ठेवलं होतं, कारण तू हातातलं काम टाकून धावत आली असतीस. मे महिन्यात माझ्या घरी चोरी झाली. मी दवाखान्यात गेलो होतो. रेडिओ गेला, घड्याळ गेलं, आणि अंतिम सामन्यातली माझी शिट्टी गेली. पितळेची शिट्टी, चोराला तिचा काय उपयोग? रेडिओचं दुःख नाही, पण शिट्टीचं अजून आहे. तेव्हापासून मी दाराला खुर्ची टेकवून झोपतो. मी, ज्याने भर मैदानात दोन संघांच्या मधे उभं राहून मार खाल्लाय! तेव्हा स्पष्टच सांगतो: त्या खोल्यांना माझा विरोध आहे. निदान पोटातून तरी आहे. मला त्या माणसाची दया येत नाही, मला त्याचा राग येतो, आणि तो माझा चोर नव्हे हे मला माहीत असूनही येतो. तुझा तो 'जागता पहारा' उद्धट आहे, पण त्याच्या पोटातलं जे आहे ते माझ्या ओळखीचं आहे.

तरीही तू बरोबर आहेस असं मला वाटतं. दोन्ही एकदम वाटतं. म्हाताऱ्या माणसाला एवढी मुभा असावी.

म्हणून तुझे कागद पुन्हा काढले आणि विरोधी संघाच्या बाजूने वाचले. तुला एक खोड आहे, ठिणगे. जो सगळ्यात वाईट बोलतो त्याला तू उत्तर देतेस. जो सगळ्यात अवघड विचारतो त्याला देत नाहीस. त्या सगळ्या आरडाओरड्यात एकच सरळ प्रश्न होता. "रात्री खालचं दार कोण बंद करतं?" ज्याच्या घरी चोरी झालीय त्याला विचार, दुसरा प्रश्न असतोच कुठे? आणि तो विचारला कोणाला, तर कुलपांच्या दुकानदारणीला! तू तीनदा ढुंकून बघितलं नाहीस.

नाव मागायच्या आधी उत्तर दे. आणि खाली आपलं नाव लिही.

मामा


६ ऑक्टोबर

मामा,

किती दिवस लपवलंस! तुझ्यावर मी खूप चिडले आहे, पण ते भांडण समोरासमोर करू. तुझं नाव घेऊन झालंय, त्यामुळे मी तयार आहे. शिट्टीचं वाचून मला फार वाईट वाटलं.

'शांत नागरिक' पुसून टाकला. मग तुझा प्रश्न घेऊन सभागृहाच्या खालच्या दाराशी गेले. त्या दारातून मी दर रविवारी आत जाते. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. खटका कधीच तुटलेला, कडीच्या जागी नुसती भोकं. झाडलोट करणाऱ्या काकांना विचारलं, रात्री हे कोण बंद करतं? ते म्हणाले, "वाऱ्याने लागलं तर लागतं." दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच मी होते!

ग्रुपवर मला प्रवेश नाही, म्हणून दुकानाबाहेर मोठी पाटी लावली: 'प्रश्न: रात्री खालचं दार कोण बंद करतं? खरं उत्तर: आजवर कोणीच नाही. प्रश्न तीनदा विचारला गेला आणि मी लक्ष दिलं नाही, ही माझी चूक. आज मी तिथे नवीन कुलूप बसवलं आहे. मतदान कसंही होवो, ते राहील. आणखी काही विचारायचं असेल तर आत या.' खाली माझं पूर्ण नाव, आणि आपली गल्लीसुद्धा. आजीला बरं वाटलं असतं.

कोणीतरी पाटीचा फोटो ग्रुपवर टाकला. टवाळी झाली, पण लोक आतही येऊ लागले. पहिली आली ती 'तिसरा मजला'. माझ्याच वयाची, बेकरीत संध्याकाळच्या पाळीला असते. तिची इमारत आणि आपलं सभागृह यांच्यात एकच बोळ आहे. तिच्या वडिलांचं हल्ली डोकं ठिकाणावर नसतं, ते उठून जिना उतरतात आणि समोर जे उघडं दार दिसेल त्यात शिरतात. दोनदा ती त्यांना आपल्या सभागृहातून घेऊन गेलीय. आपल्यापैकी कोणाला पत्ताही नाही.

ती म्हणाली, "मी तुमच्या विरोधात नव्हतेच. पण तीनदा विचारूनही तुम्ही बोलला नाहीत, तेव्हा वाटलं, या बाईला माणसं ठेवायची नाहीयेत, नुसतं जिंकायचंय."

मी माफी मागितली. ती बाकावर बसून पाणी प्यायली आणि जाताना तिने आपलं नाव सांगितलं. मी मागितलं नव्हतं. वडिलांचंही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ज्या कामासाठी दिलंय त्याच कामाला वापरते.

मग 'जागता पहारा' आला. मी त्याला आवाजावरून नाही, वाक्यावरून ओळखलं. "कुलूप पाहिजे. मत बदललेलं नाही." मी म्हटलं, "माझंही नाही. पितळेचं देऊ का लोखंडी?" चांगलं दणकट घेऊन गेला. नाव सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण किल्ली घासताना माझ्या हाताकडे त्याने बघितलं नाही. बाहेरच्या पाटीकडे तोंड करून उभा होता.

आता मतदान. काल झालं. 'तिसरा मजला' आपल्या मंडळीची नाही, तरी पाळकांनी तिला बोलू दिलं. ती म्हणाली, "दार बंद होणार असेल तर माझी हरकत नाही. पण बाहेरून कुलूप म्हणजे पुन्हा तुरुंगच. आत त्यांच्यासोबत कोण असणार?" मी उठून म्हटलं, याचं उत्तर मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा.

थोडक्यात निभावलं, ठराव राहिला. पण एका अटीवर. पहिले काही महिने मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाने दुसऱ्या खोलीत मुक्काम करायचा आणि रोज आतून दार लावायचं. तो माणूस सुटायच्या दिवसापर्यंत असं कोणी मिळालं नाही तर ठराव रद्द. मी तयार होते, पण बाईमाणसाने तिथे राहू नये यावर ज्येष्ठांचं एकदम एकमत झालं. एरवी कशावर होत नाही! बाकी सगळ्यांना गुडघेदुखी आहे, सुना आहेत, कुत्री आहेत. ज्यांनी हात वर करून मत दिलं त्यातल्या एकाचाही हात आता वर होत नाहीये.

पण मी शोधीन. घरोघर जाईन. मला भीती वाटत नाही, मामा, नुसती घाई आहे.

ठिणगी


१० ऑक्टोबर

ठिणगे,

घरोघर जाऊ नकोस. माणूस मिळाला.

त्याचं वय झालंय, कान गेलेत, पण झोप सावध आहे, मे महिन्यापासून तर फारच. गुडघे दुखतात, पण सुना नाहीत आणि कुत्रंही नाही. मैदानावर दोन संघांच्या मधे उभं राहायची सवय आहे. तुमच्या ठरावाला त्याचा विरोध आहे, ही आणखी चांगली गोष्ट, कारण तो दार विसरणार नाही. इथल्या मंडळीचं पत्र घेऊन येतो, म्हणजे तुमच्या ज्येष्ठांना माझ्या नावावर खल करायला नको.

माझा राग गेला म्हणून येतोय असं समजू नकोस. तो घेऊनच येतोय. पण इथे दाराला खुर्ची लावून मी माझ्या चोराच्या तोंडाची कल्पना करत बसतो, आणि ते तोंड दिवसेंदिवस भेसूर होत चाललंय. त्यापेक्षा एका खऱ्या माणसासमोर बसून चहा पिईन. पटलं नाही तर भांडीन. तू पाठवलेलं कुलूप मागच्या दाराला लावलं आणि किल्ली शेजारी दिली.

आता एक काम कर. तुझी सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. तू त्या माणसासाठी गावाशी भांडलीस, दुकान पणाला लावलंस, रडलीस. गाव त्याच्याविरुद्ध भांडलं. मी त्याच्यावर रागावलो. आणि एवढ्या सगळ्यात त्याचं नाव एकाही पत्रात नाही. तू त्याला 'तो माणूस' म्हणतेस आणि मीही तेच म्हणतोय. आपण सगळ्यांची नावं मागितली, फक्त त्याचं राहिलं.

गाडीत बसण्याआधी मला ते हवंय. माझं आणि त्याचं भांडण होणार हे नक्की, तेव्हा रीत पाळलेली बरी.

मामा


१४ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि गिऱ्हाइकासमोरच रडले. त्याने मुकाट्याने किल्ली घेतली आणि सुटे पैसे न घेता पळाला.

पाळकांनाही नाव पटकन सांगता आलं नाही. त्यांना आडनावच ठाऊक होतं. तेव्हा काल आम्ही दोघं तुरुंगात गेलो, भेटीच्या खोलीत. मधे जाळी, दोन्हीकडे लाकडी बाक, भिंतीवर थुंकू नका अशी पाटी. माझ्यापेक्षा लहान असेल तो. हात सारखे मांडीखाली घालून बसत होता. मी त्याला सांगितलं, खोली तयार आहे, दार नीट लागतं, आणि शेजारच्या खोलीत माझा मामा असेल, जो पंच आहे, जो रागावलेला आहे, ज्याची शिट्टी चोरीला गेलीय. म्हटलं, आधी कळलेलं बरं. मग म्हटलं, तुमचं नाव सांगा, प्रार्थनेसाठी हवंय.

तो बाकावर मागे सरकला. मला वाटलं, झालं, पुन्हा धमकी समजला.

मग म्हणाला, "आधी तुमचं सांगा. आणि मामांचं. मलाही लागेल."

मी दोन्ही सांगितली. त्याने जाळीला तोंड लावून दोनदा घोकली, मग स्वतःचं सांगितलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, तुझ्याखेरीज कोणाला दाखवू नकोस. गल्लीच्या जागी आमच्या सभागृहाचा पत्ता घातलाय, कारण दुसरा त्याला नाही.

गुरुवारी तो सुटतोय. दुपारच्या गाडीने ये, मी स्टेशनवर आहे. संध्याकाळी दार लावायचंय.

ठिणगी